प्रधान कोणाच्या बाजूचा?

४ फेब्रुवारी

मालिका निम्म्याच्या पुढे गेली, आणि प्रधान राजाच्या बाजूचा आहे की राजाच्या मुळावर उठलाय, हे मला अजून कळलेलं नाही. बघणाऱ्यांना नाही कळलं तर एकवेळ चालेल. मी त्या प्रधानाचा आवाज आहे. निदान मला तरी कळायला हवं की नको?

मालिका परदेशातली, आम्ही फक्त तिला आपल्या भाषेत बोलतं करतो. तिच्यात चालणारं जंगल आहे, बर्फात राहणारी चेटकीण आहे, एक उडणारं कासवही आहे. त्याचं मला काही वाटत नाही. कासव उडतंय तर उडू दे. पण हा प्रधान रोज संध्याकाळी निळ्या कुपीतून काहीतरी राजाच्या पेल्यात टाकतो आणि "घ्यावं, महाराज" म्हणतो. ते औषध आहे की विष? आज शेवटी न राहवून मॅडमना विचारलं. मॅडम म्हणजे आमच्या दिग्दर्शिका. त्या काचेपलीकडे बसून आमच्या कानात बोलतात.

"मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ते लोक थोडे थोडे भाग पाठवतात. आणि तुला कळलं ना, की ते लगेच तुझ्या आवाजात येईल. तू आपला आहेस तसाच बोल. तुझ्या आवाजातनं काहीच कळत नाही, म्हणून तर तुला घेतलाय."

हे कौतुक होतं असं मी धरून चाललोय. माझी उभी हयात बस स्टँडवर घोषणा करण्यात गेली. गाडी वेळेवर असो, उशिरा असो, रद्द होवो, माझा सूर एकच. मग स्टँडवर मशीन आलं आणि मी घरी बसलो. घरी बसून भिंतीशी बोलायला लागलो होतो, तेव्हा साडूंनी हाताला धरून मला या स्टुडिओत आणलं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. आम्ही घरात त्यांना अण्णा म्हणतो. स्टुडिओत सगळे महाराज म्हणतात, कारण राजाचा आवाज त्यांचा आहे. ते मला फलाट म्हणतात.

९ फेब्रुवारी

आमच्याकडे प्रत्येकजण आपापली वाक्यं एकेकटा बोलून जातो. दरबार भरलेला असला तरी खोलीत माणूस एकच, कानावर हेडफोन आणि समोर पडदा. आपलं काम झालं की लोक घरी पळतात. मी पळत नाही. मॅडमच्या मागच्या खुर्चीत बसून अण्णांचं ऐकतो. शिकायला म्हणून.

आज एक गोष्ट हेरली. मोठं वाक्य आलं की त्याआधी अण्णा नाकाने एक बारीकसा श्वास घेतात. दाराबाहेर कोणी आहे का याचा अंदाज घ्यावा तसा. मग बोलतात. राजा राजा वाटतो तो त्या श्वासामुळे, असं माझं मत झालंय.

आज त्यांचा आवाज मध्येच दोनदा फाटला. "सिंहाला पडसं झालंय," असं म्हणून स्वतःच हसले. मॅडम हसल्या नाहीत.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमचं काम तर दुपारीच संपतं. मग इतका वेळ काय करता?"

"अण्णांचं ऐकत बसतो."

"ते बोलतात तेवढं कमी पडतं का घरी?"

१५ फेब्रुवारी

पडसं नव्हतं. अण्णांच्या स्वरयंत्रावर गाठ आहे. साधीच आहे, पण काढायला लागणार. काढल्यावर महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. नंतर आवाज पहिल्यासारखा होईल का, यावर डॉक्टरांनी नुसते खांदे उडवले म्हणे.

अक्का, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहीण, रडत होत्या. अण्णांना गाठीचं काही वाटत नव्हतं, ऑपरेशनचंही नाही. मला खिडकीपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "फलाट, ते राजा दुसऱ्या कुणाला देऊन टाकतील रे. एकदा दुसऱ्याच्या तोंडी गेला की संपलं. या वयात मला कोण नवीन राजा देणार? तू तिथे आहेस. तेवढं बघ."

"मी आहे ना, अण्णा," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

२१ फेब्रुवारी

ऑपरेशन नीट झालं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

२४ फेब्रुवारी

आमच्या धंद्यात कच्चा आवाज नावाची एक पद्धत आहे. कोणी आजारी पडलं की त्याची वाक्यं दुसऱ्या कुणीतरी नुसती वाचून ठेवायची. सपाट, भाजीची यादी वाचावी तशी. म्हणजे बाकीच्यांना कुठे किती थांबायचं ते कळतं आणि काम अडत नाही. मूळ माणूस बरा होऊन आला की कच्चा आवाज पुसून त्याच्यावर आपला पक्का आवाज चढवतो.

राजाचा कच्चा आवाज द्यायला मॅडमनी मला सांगितलं. "तुझ्यासारखं सपाट कोणाला जमणार?" म्हणाल्या. मीही लगेच हो म्हटलं. अण्णांनी सांगितलंच होतं, बघ म्हणून.

आता खरं तर सपाटच वाचायचं होतं. मी सुरुवातही तशीच केली. पण पडद्यावर राजा सिंहासनावरून उठतोय, दरबार चळाचळा कापतोय, आणि माझा आवाज म्हणजे 'गाडी सुटण्याच्या तयारीत आहे'. बरं वाटेना. अण्णांच्या राजाची अशी शोभा करायची मला लाज वाटली. म्हणून पुढच्या वाक्याआधी मी नाकाने तो बारीक श्वास घेतला. घेतला मात्र, आणि जे बाहेर आलं ते अण्णाच.

मग मॅडम म्हणाल्या, "परत घे."

"चुकलं का?"

"नाही. म्हणून तर परत घे."

उरलेली सगळी वाक्यं तशीच बोललो. घरी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. कच्चाच तर आवाज.

२७ फेब्रुवारी

अण्णांना भेटून आलो. गळ्यात दोरीने पाटी अडकवून बसलेत. मी म्हटलं, तुम्हालाच विचारतो अण्णा, हा प्रधान नक्की कोणाच्या बाजूचा? गेल्या भागात चेटकिणीला गुपचूप भेटायला गेला, आणि तिथून निघाला तो राजासाठी घोंगडी घेऊन आला. हे काय तळ्यात-मळ्यात चाललंय? माणसाने एकतर इमान राखावं, नाहीतर उघड गळा कापावा.

अण्णांनी बराच विचार करून लिहिलं, "त्याचं त्यालाच माहीत नसेल."

हे मला पटलं नाही. आपण काय करतोय हे माणसाला माहीत नसतं, असं कुठे असतं का?

मग त्यांनी लिहिलं, "माझा राजा?"

"कच्चा आवाज देऊन चाललंय."

"कोणाचा?"

"असंच, बदलून बदलून. ज्याला वेळ असेल तो वाचतो," मी म्हणालो. असं का म्हणालो ते माहीत नाही. आजारी माणसाच्या डोक्याला उगीच भुंगा नको, एवढंच असणार.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. शर्टाच्या बाहीने पाटी पुसली. मग अचानक पुढे वाकून त्यांनी माझ्या पोटावर तळवा ठेवला आणि दाबून खूण केली, श्वास इथून घे. छातीवर बोट आपटून मान हलवली, इथून नाही. दोन-तीनदा माझ्याकडून करून घेतलं. न बोलता बसून कंटाळले असतील, हाताला काहीतरी चाळा हवा असेल.

पण पोटातून घेतला की श्वास खरंच जास्त पुरतो. आज वापरून बघितला.

६ मार्च

मोठाच घोटाळा झाला. कच्चा आवाज लावलेले भाग वाहिनीच्या लोकांनी ऐकले आणि पास करून टाकले. त्यांना वाटलं, राजा नेहमीचाच आहे. मॅडम सांगायला गेल्या, तर ते म्हणाले, आम्हाला फरक कळत नाही तर लोकांना काय कळणार? तारीख गाठायची आहे, पुसापुशी नको. कालपासून ते भाग लोकांना दिसायला लागले.

मला आनंद झाला का? झाला. लिहायला काय हरकत आहे, ही वही कोण वाचतंय? पण त्याच वेळी अण्णांची पाटीही डोळ्यांपुढे आली. म्हणजे नक्की काय झालं ते मला सांगता येणार नाही.

बायको भाग बघत होती. मी आत आलो तेव्हा तिने आवाज बंद केला.

"भाऊजी तर महिनाभर मुके आहेत. मग हा राजा कोण बोललं?"

मी चपला काढत राहिलो.

"अक्काला सांगितलंत?"

"सांगतो. वेळ बघून सांगतो."

"कसली वेळ? मुहूर्त काढायचाय?"

"अगं, मी त्यांच्यासाठीच जागा धरून ठेवलीय. मी नसतो तर दुसऱ्या कुणाला दिला असता राजा. तुला नाही कळायचं यातलं."

"हो का," ती म्हणाली. "तुमचा तो प्रधानपण पेल्यात टाकताना असंच काहीतरी पुटपुटत असेल."

बायकोला विनोद कुठे करावा हे कळत नाही.

१३ मार्च

अण्णांकडे गेलो होतो, आज सांगूनच टाकायचं असं ठरवून. जिना चढलो तर वरच्या मजल्यावरचे शेजारी आधीच आले होते. ते अण्णांच्या दारात उभे राहून म्हणत होते, "महाराज, कालचं तुमचं ते राज्यत्यागाचं बोलणं! अंगावर काटा आला. असं याआधी कधी बोलला नव्हतात." त्यांना बिचाऱ्यांना रेकॉर्डिंगच्या तारखा ठाऊक नाहीत. अक्कांनाही वाटतंय, ते सगळं आधीच करून ठेवलेलं होतं.

अण्णांनी हात जोडले, मान डोलावली. कौतुक घेतलं त्यांनी. माझं.

मला राग आला. मग वाटलं, राग कसला येतोय? मग वाटलं, म्हणजे त्यांना माहीत आहे. माहीत आहे तर पाटीवर दोन शब्द लिहून मला झापत का नाहीत? की त्यांना खरंच वाटतंय की ते आधीच बोलून गेले होते? औषधांनी माणूस विसरतो कधीकधी. मी काही सांगितलं नाही. सांगणार काय, त्यांनी मान डोलावल्यावर विषयच संपला.

२० मार्च

आज डॉक्टरांनी अण्णांचं मौन सोडवलं. मी स्टुडिओत होतो, बायको जाऊन आली. हळूहळू बोला म्हणालेत, ओरडू नका, गाऊ नका, बाकी मोकळे.

"आवाज कसा आहे?" मी विचारलं.

"बसलाय. खूप बसलाय. खडीवरून पोतं ओढल्यासारखा येतो." तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "पण ऐकत राहावंसं वाटतं. अक्का तर स्वयंपाक सोडून ऐकत बसली होती. तुमच्याबद्दल विचारत होते. फलाट कधी येतो, म्हणाले."

उद्या काम आहे. परवा जाईन.

२२ मार्च

शेवटचे भाग आले! मॅडमनी मला सगळं दाखवलं आणि मी डोकं धरून बसलो.

त्या कुपीत विषही नाही, औषधही नाही. झोपेचा अर्क आहे. प्रधान रोज राजाला झोपवायचा आणि पडद्याआडून राज्य चालवायचा. बरं, वाईट चालवलं असंही नाही. लढाया टाळल्या, जंगलाशी तह केला. आता राजा मरणाला टेकलाय. प्रधान पेला घेऊन येतो. राजा पेल्याकडे बघतो, प्रधानाकडे बघतो आणि म्हणतो, "मला माहीत होतं. तरी मी पीत होतो." आणि पितो. प्रधान एक अक्षर बोलत नाही. पडदा.

मी म्हटलं, मॅडम, हे काय? इतके महिने थांबून हे? प्रधान चांगला की वाईट, ते सांगितलंच नाही. आणि राजाला माहीत होतं तर त्याने पेला फेकून का दिला नाही? वेडा आहे का तो?

मॅडमचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या पडद्यावर थिजलेल्या राजाकडे बघत होत्या. "महाराजांचा आवाज बसला असेल ना रे?" म्हणाल्या. "मला तोच हवाय इथे. वाहिनीला मी सांगते, राजा मरतोय, आवाज बदललेला शोभेल. एवढा शेवटचा भाग त्यांनी केला तर राजा त्यांचाच राहील. पुढच्या मालिकेलाही मला त्यांचं नाव रेटता येईल. सोडलं का डॉक्टरांनी त्यांना? येऊ शकतील?"

मी म्हणालो, "नाही. अजून मनाई आहे."

२३ मार्च

काल जे बोललो त्यात तसं खोटं काही नाही. डॉक्टर 'हळूहळू बोला' म्हणालेत. हळूहळू बोला म्हणजे जवळजवळ बोलू नकाच. स्टुडिओत आले असते, जोशात येऊन पुन्हा घसा फोडून घेतला असता, मग अक्कांनी कोणाला धरलं असतं? मलाच.

आणि आजवर एवढा राजा मी सांभाळला. मरायच्या वेळी तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा? म्हणजे दुसऱ्याच्या नाही, अण्णांच्याच. म्हणजे ज्याचा त्याच्याच. काय लिहितोय मी!

२४ मार्च

"मला माहीत होतं. तरी मी पीत होतो." सातच शब्द. दुपारपासून बोलतोय. दर वेळी 'तरी'पाशी काहीतरी अडकतं. पोटातून श्वास घेतला, नाकातून घेतला, पाणी प्यालो. मॅडम म्हणाल्या, काय होतंय? मी म्हटलं, कफ. त्या म्हणाल्या, घरी जा.

बायकोने विचारलं, "जाऊन आलात का भाऊजींकडे?" मी म्हटलं, घसा दुखतोय, त्यांना संसर्ग नको. ती उठून आत गेली. हल्ली घरातही कोणी काही बोलत नाही.

२५ मार्च

जसं घडलं तसं लिहून ठेवतो, म्हणजे नंतर तरी कळेल.

सकाळी गेलो तर मॅडम म्हणाल्या, "काल मी महाराजांना फोन केला होता."

मी हातातले हेडफोन परत ठेवून दिले.

"अक्कांनी उचलला, त्यांच्या हातात दिला. मीच म्हटलं, तुम्ही बोलू नका, नुसतं ऐका. फलाटने सांगितलंय, अजून मनाई आहे म्हणून. नाहीतर हा शेवटचा भाग मी तुमच्याकडूनच करून घेतला असता. पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग ठेवला त्यांनी, आणि हा मेसेज आला."

त्यांनी मोबाइल पुढे केला. "हो, मनाई आहे. फलाटलाच करू दे. त्याला सांगा, शेवटच्या वाक्याआधी माझा तो श्वास घेऊ नकोस. राजा मरतोय, दाराबाहेर कोण आहे याची त्याला आता फिकीर नाही."

मी खोलीत गेलो. हेडफोन चढवले. श्वास घेतला नाही. पडद्यावर राजाने प्रधानाकडे बघितलं आणि मी ते वाक्य बोललो. एकदाच. काचेपलीकडे मॅडम उभ्या राहिल्या होत्या. मग प्रधानाचा नुसता चेहरा होता, त्याला काही बोलायचं नव्हतं. मी तरी तिथे माइकसमोर तोंड उघडून उभा होतो. मॅडम कानात म्हणाल्या, "झालं रे. ये बाहेर." मला येता येईना.

खोटं मी बोललो. मग ते खोटं अण्णांनी खरं का करून दिलं? त्यांना नुसतं 'येतो' म्हणायचं होतं. एक शब्द. त्यांच्या मनात काय आहे? मला उपकाराखाली ठेवायचंय? मॅडमसमोर माझी अब्रू झाकली की मला कायमचं टांगून ठेवलं? की खरंच त्यांना नको होतं, आवाजाची लाज वाटत होती? या माणसाचा हेतूच लागत नाही मला.

आणि तो श्वास. तो माझ्या बोलण्यात ऐकला त्यांनी, भाग लागले त्या पहिल्या दिवसापासून.

२९ मार्च

धीर करून अण्णांकडे गेलो. अक्कांनी दार उघडलं. आत अण्णा पाटी घेऊन बसले होते.

"अहो, आत्ता तर बोलत होतात!" अक्का म्हणाल्या. "काढा ती पाटी. आपलाच माणूस आहे."

अण्णांनी हसून गळ्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. माझ्यासाठी खुर्ची ओढली. पाटीवर लिहिलं, "छान झालं म्हणे." मी म्हटलं, हो. चहा झाला. ते पाटीवर लिहीत होते, मी तोंडाने उत्तरं देत होतो. मला म्हणायचं होतं, अण्णा, बोला, मला ठाऊक आहे तुम्ही बोलता. पण ते म्हणायचं तर पुढचं सगळंच म्हणावं लागलं असतं. त्यांनी माझ्यापुढे चहाचा दुसरा कप सरकवला. मी तोही प्यालो.

बायको म्हणते, आज अण्णा बाजारात भेटले, तासभर गप्पा मारल्या.

५ एप्रिल

आज शेवटचा भाग लागणार होता. अक्कांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. बायको आधीच गेली, मी मागून निघालो.

जिना चढून दारापाशी आलो तर आतून आवाज आला. अण्णांचा. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ऐकला. काही विशेष बोलत नव्हते, कुठल्यातरी डब्याचं झाकण सापडत नाही म्हणून अक्कांना चिडवत होते. खोल, फाटलेला, मध्येच तुटून पुन्हा जोडला जाणारा. त्या आवाजात त्यांनी नुसतं "तूच ठेवलं असशील कुठेतरी" म्हटलं, आणि मला अख्खा राजा दिसला. मरणाला टेकलेला, सगळं माहीत असलेला. मी केला तो नव्हे.

मला रडू आलं. दाराला टेकून उभा राहिलो. वाटलं, आत जाऊ नये, इथेच उभं राहून ऐकावं. सांगावं की मी खोटं बोललो, मला राजा व्हायचं होतं, फार व्हायचं होतं, आणि तुम्ही एकदा तरी मला त्या आवाजात शिवी घाला. बायको हसली आतून. अण्णा पुढे काहीतरी बोलले, सगळे हसले. जिन्यावरून कोणीतरी वर येत होतं, असं किती वेळ उभं राहणार?

मी बेल वाजवली. आतला आवाज थांबला.